थंडीतली रपेट आणि खिशातला गुळाचा खडा

मार्गशीर्ष लागला की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "डॉक्टर, आता थंडी पडली. उद्यापासून फिरायला जातो." हा उद्या संक्रांतीपर्यंत पुढे जातो. संक्रांतीनंतर घरात कुणाला तरी सर्दी होते, मग शिमगा येतो, ऊन तापते आणि फिरणे पुढच्या थंडीवर जाते. तीस-पस्तीस वर्षे मी रुग्णांना यावरून बोलत आलो. आज मात्र स्वतःचीच कानउघाडणी करायची आहे. गेल्या डिसेंबरात मी फिरायला गेलो, त्यात एक चूक केली आणि मला ताळ्यावर आणले ते सड्याखालच्या एका वाडीतल्या आजीने. तिच्याकडे ना डॉक्टरकीची पदवी होती, ना औषधाची पेटी. होता फक्त गूळ.

काल जिलबी, आज उपास

नात्यातल्या एका लग्नासाठी राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी गेलो होतो. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतो. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला आणि मी तो फारसा मोडला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर जिलब्यांचा हिशेब करू लागलो आणि मन खाऊ लागले. ठरवले, उद्या पहाटे लांबवर चालून यायचे आणि परत आल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही.

सकाळी साडेसहाला गोळ्या घेतल्या, बिनसाखरेचा चहा घेतला आणि चपला सोडून बूट चढवले. स्वयंपाकघरात घावन टाकायला घेतले होते. "भावोजी, दोन खाऊन जा," असे वहिनी म्हणाल्या. "आल्यावर खातो," म्हणून मी अंगण ओलांडले. चूक इथेच झाली. ती कळायला दोन तास लागले.

नाट्याहून सड्याकडे

नाटे हे राजापूरच्या खाडीच्या मुखाजवळचे गाव. पलीकडच्या तीरावर जैतापूर, अलीकडे साखरी नाट्याची मच्छीमार वस्ती. बाजारातली दुकाने अजून उघडायची होती, पण मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायांची पावले मात्र झपाझप पडत होती. डोक्यावर ओझे, मान ताठ आणि तोंडाने गप्पा चालूच. सकाळी फिरायला जाणे हा शब्द त्यांना सांगितला असता तर त्या हसल्या असत्या.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची थंडी ती केवढी! पहाटे पारा अठरा-वीस अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीच्या वर जातो. घाटावरची माणसे हिला थंडी म्हणणार नाहीत. पण चालायला याहून चांगली हवा आपल्याकडे नाही. पावसाळ्यात पाखाड्या शेवाळाने निसरड्या असतात, चैत्र-वैशाखात घामाने जीव जातो. कार्तिकापासून माघापर्यंतचे हे तीन-चार महिने आपल्या हातात असतात.

गावाबाहेर यशवंतगड लागतो. जांभ्या दगडाचा तट, त्यावर चढलेली झाडे आणि दगडांच्या सांध्यांत घुसलेल्या मुळ्या. तटाच्या कडेने जाऊन वाडीत शिरलो. अंगणे नुकतीच चोपून सारवलेली होती. शेणाचा तो ओला वास नाकात गेला आणि मी लहान झालो. कापणी-झोडणी आटोपली होती, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या होत्या. भात निघालेल्या कुणग्यांत कुळीथ आणि पावटा हिरवा दिसत होता. दवाने पाने भिजली होती आणि थंडीचे पाहुणे असलेले धोबी पक्षी शेपटी हलवत बांधावर नाचत होते. दोघे-तिघे जण कोयत्या कमरेला लावून कवळ तोडायला निघाले होते. "कुठं चाललाव?" त्यांनी विचारले. "आंबोळगडापर्यंत," मी म्हणालो. "काय काम?" "काम नाही, असाच." त्यांना ते काही पटले नाही.

इथे जरा थांबून अंगात काय चालले होते ते सांगतो. माणूस चालू लागला की पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू कामाला लागतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो. चालणे थांबल्यावरही हा परिणाम काही तास टिकतो. पोटऱ्या आवळतात-सैलावतात तेव्हा पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. रोज चालणाऱ्याचा रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, बद्धकोष्ठ कमी होतो. म्हणून मी म्हणतो की चालणे हे औषध आहे.

हे नुसते बोलणे नाही. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. दोघे एकाच बसवर, पगार आणि राहणी साधारण सारखी. पण दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होत होता आणि जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना कमी. आपल्या एस. टी.च्या गाडीला जिना नाही, पण मुद्दा तोच. बैठे काम हृदयाला मानवत नाही.

किती चालावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढे तरी झालेच पाहिजे. मध्यम गती ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण भजनातला अभंग सुरात गाता येऊ नये. अभंग गाता आला तर वेग वाढवा. बोलतानाच धाप लागली तर कमी करा.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असे हल्ली मोबाईलवरून सांगतात. हा आकडा आला १९६० च्या दशकातल्या जपानमधून. पावले मोजायच्या एका यंत्राच्या नावातच तो होता. आकडा वाईट नाही, पण तो पुरा झाला नाही म्हणून खंत करू नये. आज तुम्ही दोन हजार पावले चालत असाल तर चार हजारांचाही फायदा मोठा आहे. आणि मधुमेहींनी एक गोष्ट जरूर करावी. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंगणात शतपावली घालावी. जेवणानंतर साखर जी उसळते, ती त्याने खाली राहते.

मोहराचा वास आणि फवारणी

वाडी सोडून वर चढलो. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना गडगे आणि गडग्यांपलीकडे कलमे. काही झाडांवर मोहर आला होता. त्याचा वास आणि जवळच कुठेतरी पेटवलेल्या पातेऱ्याचा धूर, दोन्ही एकदम आले. ज्यांना दमा आहे त्यांनी अशा धुरातून चालू नये, वाट बदलावी. एका बागेत पंपाने फवारणी चालू होती. तिथून मी नाकाला रुमाल लावून लांबून गेलो. रुमालाने औषध अडत नाही हे मला ठाऊक आहे. खरा उपाय म्हणजे वाऱ्याच्या दिशेला उभे न राहणे. फवारणी करणारा तरुण उघड्या अंगाने, तोंडाला काही न बांधता काम करत होता. बागायतदार मंडळींना हात जोडून विनंती आहे की गड्याला लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, मुखपट्टी आणि नंतर साबणाने आंघोळ, एवढे मिळेलसे बघा. फवारणीनंतर मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, लाळ सुटणे असे काही झाले तर घरी झोपवून ठेवू नका. औषधाची बाटली बरोबर घेऊन त्याला दवाखान्यात न्या.

मग सडा आला. ज्यांनी आपला सडा थंडीत पाहिला नाही त्यांना तो ओसाड वाटेल. काळसर कातळ, त्यात सुकून सोनेरी झालेले गवत, मधूनच करवंदीची जाळी आणि लांबवर समुद्राची निळी रेघ. पावसाळ्यात हाच कातळ फुलांनी भरतो. याच पट्ट्यातल्या कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ इथल्या सड्यांवर फार जुन्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या अशा शिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला. ती कोरणारी माणसेही याच कातळावरून अनवाणी चालली असतील, असे मनात आले आणि मी खुशीत पाय उचलले.

सड्यावर काय झाले

साडेआठच्या सुमारास मला घाम फुटला. ऊन चढले आहे असे मी समजलो. मग हात थरथरू लागले. वय झाले, म्हटले. मागून मोटरसायकलवर एक मुलगा आला, थांबला आणि म्हणाला, "काका, सोडू काय पुढं?" मी त्याच्यावर खेकसलो, "मला पाय आहेत!" बिचारा निघून गेला. मी कधी अनोळखी माणसावर असा खेकसत नाही. थोड्या वेळाने पायवाटेला दोन फाटे फुटले आणि कुठला धरायचा ते काही केल्या ठरेना. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, छातीत धडधडत होते.

मित्रहो, घाम, थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळ, अंधारी ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणे मी शेकडो रुग्णांना तोंडपाठ सांगितली आहेत. स्वतःवर आली तेव्हा एकही ओळखले नाही. साखर उतरली की मेंदूच उपाशी पडतो आणि ज्या मेंदूने धोका ओळखायचा तोच काम करेनासा होतो. या दुखण्याची खरी भीती इथे आहे.

उताराची वाट पायांनीच धरली. सड्याखाली पहिल्याच घराच्या अंगणात एक आजी वाल सोलत बसली होती. माझ्याकडे बघून तिने सूप बाजूला ठेवले. "काय वो, येवढ्या थंडीत घाम कसला? वाईच टेका हितं." मी ओटीवर बसलो म्हणण्यापेक्षा कोसळलो. तिने नाव-गाव विचारले नाही. आत गेली आणि तांब्याभर पाणी व वाटीत गुळाचा मोठा खडा घेऊन आली. मी नुसते पाणी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "नुसतं नाय प्यायचं. आधी गूळ खावा."

गूळ खाल्ला. पाच-सात मिनिटांनी थरथर कमी झाली. पंधरा मिनिटांनी जग जागेवर आले. मग तिने तांदळाची अर्धी भाकरी आणि कुळथाची पिठी पुढे ठेवली. ती मी निमूटपणे खाल्ली. वहिनींचे घावन नाकारून आलेला हा शहाणा माणूस परक्या ओटीवर भाकरी खात होता.

उन्हातून आलेल्याला गूळपाणी देणे ही आपल्याकडची जुनी रीत. आम्ही डॉक्टर लोक साखर उतरलेल्या रुग्णाला सांगतो ते यापेक्षा फार वेगळे नाही. पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून किंवा तशीच घ्यावी. पंधरा मिनिटे थांबावे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. बरे वाटले की भाकरी, पोळी, पोहे असे काही पोटभरीचे खावे. बाजारातल्या चॉकलेटने लवकर गुण येत नाही, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश शोषली जाते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही मधुमेहींना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी असते. तिच्यामुळे गूळ-साखर पोटात फुटायला वेळ लागतो. अशांनी मेडिकल दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनळीत जाते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आणि उलटा अर्थही काढू नका. गूळ हा मधुमेहींना चालतो असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. गूळ म्हणजे साखरच. साखर उतरली असता ते औषध, एरवी पथ्य.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हे दुखणे आता शहरातल्या खुर्चीवाल्यांचे राहिलेले नाही. वाडी-वाडीतून आमच्याकडे रुग्ण येतात. त्या प्रत्येकाला आम्ही "चाला" म्हणतो. कसे चाला, ते सांगायला मात्र वेळ पुरत नाही. म्हणून इथे लिहितो.

चालायला निघण्यापूर्वी

१. साखर उतरवणारी गोळी (ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड) किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी लांब चालू नये. काही खाऊन निघावे किंवा चालून येऊन, खाण्याच्या वेळी गोळी घ्यावी. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्या. मनाने बंद करू नका.

२. खिशात गूळ किंवा ग्लुकोज, पाण्याची बाटली आणि "मला मधुमेह आहे" असे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. कुठे जातो ते घरी सांगून निघावे.

३. अनवाणी चालू नये. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. करवंदीचा काटा मोडला तरी कळत नाही आणि तापलेल्या कातळाने फोड आला तरी कळत नाही. परत आल्यावर तळवे आरशात बघावेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

४. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काही झाले तर जागीच बसावे. "गॅस झाला असेल" म्हणून चढण चढू नये. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी पहाटेच्या गारव्यात न निघता ऊन पडल्यावर निघावे.

५. सड्यावर दगड उचलून बघू नये, गवतात हात घालू नये. आपला जिल्हा फुरशांचा आहे. फुरसे चावले तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अंग स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपाय रूढ केला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. तेव्हा विंचू उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका.

पुन्हा त्याच ओटीवर

त्या दिवशी आंबोळगड राहिलाच. पुढच्या रविवारी एस. टी.ने पुन्हा नाट्याला उतरलो. या वेळी नाश्ता करून, खिशात गूळ घेऊन आणि पिशवीत रक्तदाबाचे यंत्र घेऊन. वाटेत मोटरसायकलवाला तो मुलगा भेटला. त्याची माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "काका, मला वाटलं मीच काय चुकीचं बोललो."

आजी अंगणातच होती. उपकार फेडायचे म्हणून नव्हे, पण त्या दिवशी भाकरी देताना ती भिंत धरून उठली होती, ते माझ्या लक्षात राहिले होते. "आजी, तुमचा रक्तदाब बघतो." ती हसली. "माजा कसला बघताव? मी दिस उगवल्यापासून चालतेय. विहीर काय, गोठा काय, काट्याकुटक्या काय." पट्टा बांधला. १८४ वर १०२. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला. फारसा फरक नाही. आजवर कुणी तो मोजलाच नव्हता. सकाळी गरगरते, असे तिने कुणाला सांगितलेही नव्हते. मुलगे मुंबईला, सांगणार कोणाला? जेवणात सुकी मासळी आणि लोणचे, म्हणजे मीठही भरपूर.

चालणे हे औषध आहे खरे, पण ते एकच औषध नव्हे. आयुष्यभर डोंगर चढलेल्या बाईलाही रक्तदाब असू शकतो. तो मोजल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या सुनेला बरोबर देऊन आजीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. तिथे गोळी मिळाली आणि ती गोळी ती नेमाने घेते. फेब्रुवारीत मोजला तेव्हा वरचा आकडा १४६ होता. अजून थोडा उतरायला हवा, पण गरगरणे थांबले आहे.

तुमच्याही गावात अशी एक तरी ओटी असेल. थंडीत फिरायला निघालात की एकटे बूट वाजवत जाऊ नका, त्या ओटीवर घटकाभर टेका. गावात कुणाकडे रक्तदाबाचे यंत्र असेल तर तेही बरोबर न्या.

आंबोळगड मी त्याच रविवारी पाहिला. १८१८ साली इंग्रजांनी घेतलेला हा छोटा किल्ला आता पडका आहे, पण आतला वड मोठा सुरेख आहे. त्याच्या सावलीत बसून पाणी प्यालो. परत येताना आजीने अंगणातूनच हाक मारली, "काय वो डागदर, खाऊन निघालावता ना?"

मी खिशातला गुळाचा खडा काढून तिला दाखवला.